डाव्या पायाचा प्रश्न

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

परमेश्वराने माणसाला पाय दिले दोन, आणि मोटार बनवणाऱ्याने त्या दोन पायांसाठी पेडल ठेवले तीन! हिशेबात कुठेतरी गडबड आहे असे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला वाटणारच. उजव्या पायाकडे दोन खाती, वेगाचे आणि ब्रेकचे. डाव्याकडे एकच, क्लचचे. पण गाडी शिकताना घाम फोडतो तो हा डावा पायच. उजव्याला 'दाब' म्हटले की तो दाबतो. डाव्याला मात्र दाबण्यापेक्षा सोडणे शिकावे लागते. किती सोडायचे, केव्हा सोडायचे, किती हळू सोडायचे. जरा घाई झाली की गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडते आणि मागचे सगळे रिक्षावाले एकाच सुरात हॉर्न वाजवतात.

अशा या कष्टाळू डाव्या पायाची मुळी गरजच काय, असा प्रश्न अलीकडे घरोघरी विचारला जातो. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचे पेडल नसते. गिअर गाडीच बदलते, डावा पाय नुसता पाहुण्यासारखा बसून असतो. मग गिअरची गाडी घ्यावी की बिनगिअरची? हा प्रश्न आमच्या घरीही आला. पण तो साध्या गाडीच्या रूपाने नव्हे, तर स्पोर्ट्स कारच्या रूपाने आला, आणि चांगला तीन आठवडे मुक्काम करून राहिला.

वाचकहो, स्पोर्ट्स कार आणि दुर्गदबैल ही दोन नावे एका दमात घेतली की हुबळीकर हसतील, हे मला ठाऊक आहे. महाराष्ट्रातले पाहुणे तर आधी नावालाच अडखळतात. "हा दुर्गद बैल कुठला?" असे विचारतात. मग सांगावे लागते, इथे बैलाचा काही संबंध नाही. कन्नडात 'बयलु' म्हणजे उघडे मैदान. दुर्गद बयलु म्हणजे किल्ल्याचे मैदान. आता त्यातले मैदान तेवढे नावापुरते उरले आहे. दिवसा बांगड्या, कापड, भांडी, प्लास्टिकच्या बादल्या. संध्याकाळी मिरची भजी आणि गिरमिट यांच्या गाड्या. ज्या गल्लीत हातगाडी वळवायची तर आधी समोरच्या हातगाडीची परवानगी घ्यावी लागते, तिथे आमचे भांड्यांचे दुकान आणि मागे घर. इथे स्पोर्ट्स कार घेणे म्हणजे न्हाणीघरात पोहायला शिकण्यासारखे!

पण दादाचे तसे स्वप्न होते. दादा धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला आहे. सहा वर्षे त्याने पगारातून पैसे बाजूला टाकले. सिनेमा नाही, सहल नाही, लग्नाचा विषय काढला की "आधी गाडी". गाडीही ठरलेली, व्हर्टुस जी.टी. ही काही फेरारी नव्हे. चार दारांची, घरंदाज दिसणारी गाडी. पुण्याजवळ चाकणला बनते. पण पोटात दीड लिटरचे टर्बो इंजिन आणि दीडशे अश्वशक्ती. केशवापुरात एका स्नेह्यांच्या अंगणात ती ठेवायची जागाही त्याने आधीच ठरवून टाकली होती. राहिला होता फक्त एक प्रश्न, मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

दादाच्या मनात उत्तर तयार होते. मॅन्युअल. तो गाडी शिकला दुकानाच्या ओम्नीवर. चार गिअर, लांब काठीसारखी दांडी, आणि गिअर पडला की 'खट्' असा आवाज. दादा म्हणतो, अरबैल घाटात यल्लापूरहून अंकोल्याकडे उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी इंजिनाच्या जोरावर धरून ठेवायची आणि ब्रेकला शक्यतो हात, म्हणजे पाय, लावायचा नाही, याच्यासारखे सुख नाही. आमच्या वर्गातला एक मित्र याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. त्याचेही मत तेच. "याकप्पा, ऑटोमॅटिक तगोंड्रे गाडी ओडसो मजा एल्लि?" ऑटोमॅटिक घेतली तर चालवायची मजा राहिली कुठे?

इथपर्यंत सगळे सरळ होते. अडचण होती ती आमच्या अप्पांच्या गुडघ्याची.

तीन वर्षांपूर्वी दुकानाच्या माळ्यावरून पितळी घागरी उतरवताना अप्पांचा पाय घसरला. डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, दुकानात बसा, पण क्लच दाबायचा नाही. ज्या माणसाने तीस वर्षे स्वतः गाडी हाकत माल आणला, आम्हा सगळ्यांना घेऊन पंढरपूर गाठले, त्याला हे वाक्य कसे लागले असेल, हे त्यांनी कधी सांगितले नाही. अप्पांनी गाडी सोडली असे आम्ही म्हणतो. खरे म्हणजे गाडीने अप्पांना सोडले. तेव्हापासून कुठे जायचे झाले की ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहतात आणि विचारतात, "तुला वेळ आहे का रे?" ज्यांनी आयुष्यात कुणाला काही मागितले नाही, ते बाजारपेठेतून सिद्धारूढ मठापर्यंत जायला मुलाचा वेळ मागतात. हे वाक्य ऐकले की माझ्या घशात काहीतरी अडकते. वेळ असतो. नसला तरी असतो. पण प्रश्न वेळेचा नव्हताच.

ऑटोमॅटिक गाडी फक्त उजव्या पायावर चालते, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत होती. आणि कुणीही ती बोलून दाखवत नव्हते.

दादाने माझ्यावर काम सोपवले. "तू कॉमर्सचा. दोन्हींचा जमाखर्च मांड." मी वहीत उभी रेघ मारली आणि कामाला लागलो. किंमत पाहिली. त्याच गाडीच्या ऑटोमॅटिकला लाखाच्या वर जास्त पडत होते. दुरुस्ती पाहिली. साध्या गाडीचा क्लच झिजला तर आमचा गल्लीतला मेस्त्रीही बदलेल. ऑटोमॅटिकच्या पेटीचे काम निघाले तर शोरूमची पायरी चढण्यावाचून गती नाही. ॲव्हरेज पाहिले. ऑटोमॅटिक पेट्रोल जास्त पिते, असे आमच्याकडे वडीलधारे सांगतात. एके काळी ते खरेही होते, पण आजच्या पेट्यांत तो फरक फारसा उरलेला नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर मॅन्युअलच्या बाजूला बेरीज जास्त भरली असती आणि निबंध इथेच संपला असता! पण बेरीज करताना मला जाणवले की ज्या दोन वस्तूंची मी तुलना करतो आहे, त्या नेमक्या काय आहेत हे आधी समजून घ्यायला हवे.

इंजिनाला ठराविक फेऱ्यांत काम करायला आवडते. फार कमी फेऱ्यांत ते गुदमरते, फार जास्तीत किंचाळते. रस्ता मात्र आपल्या मर्जीचा. कधी चढ, कधी उतार, कधी दुर्गदबैलासारखा मुंगीच्या पावलाचा. या दोन हट्टी पार्ट्यांमध्ये सौदा जुळवणारा दलाल म्हणजे गिअरची पेटी. पहिल्या गिअरमध्ये जोर जास्त, वेग कमी. वरच्या गिअरमध्ये वेग जास्त, जोर कमी. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना इंजिन आणि चाके यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो, ते काम क्लचचे. मॅन्युअल गाडीत हा दलाल आपण स्वतः असतो. ऑटोमॅटिकमध्ये दलालीचे काम यंत्राकडे जाते.

आणि 'ऑटोमॅटिक' हे नाव एक असले तरी माल चार प्रकारचा आहे. पहिला जुना. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ओल्ड्समोबिल गाडीसाठी हायड्रामॅटिक नावाची पेटी आणली, तिथून हा धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला. पुढे या घराण्यात टॉर्क कन्व्हर्टर आला. तेलात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे, एक फिरला की तेलाच्या झोताने दुसरा फिरतो. दुसरा प्रकार पट्ट्याचा. लहान-मोठ्या होणाऱ्या दोन कप्प्या आणि त्यांवरून फिरणारा पट्टा, यात गिअरच्या पायऱ्याच नसतात. तिसरा आपल्याकडे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आला. पेटी साध्या गाडीचीच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्राचा हात. त्यामुळे लहान गाडीतही ऑटोमॅटिक परवडू लागली. चौथा प्रकार दोन क्लचचा. एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. आपण तिसऱ्यात असतो तेव्हा पुढचा चौथा आधीच तयार होऊन बसलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत काम झालेले असते. दादाच्या गाडीला मिळणारी ऑटोमॅटिक पेटी या चौथ्या प्रकारची.

बिनगिअरची गाडी आम्हा मराठी घरांना नवी आहे असेही नाही. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली. डाव्या मुठीत क्लच, तीच मूठ फिरवून गिअर. पुढे १९८४ मध्ये पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी मिळून कायनेटिक होंडा काढली. तिला ना क्लच, ना गिअर, ना किक मारायची सक्ती. बटन दाबा आणि निघा. बेळगावची माझी आत्या त्या गाडीवर बसून पंधरा वर्षे शाळेत शिकवायला गेली. चेतकचा गिअर तिच्या मनगटाला झेपत नव्हता. 'खरी स्कूटर ती गिअरचीच' असे त्या वेळी पुरुषमंडळी म्हणत असतीलही. आत्याला त्यांची वाट पाहत बसायला वेळ नव्हता. आणि गंमत अशी की, कायनेटिक होंडात जे पट्ट्याचे तत्त्व होते, त्याच तत्त्वाची पेटी १९९३ मध्ये विल्यम्स संघाने फॉर्म्युला वनच्या गाडीत बसवून चाचणी घेतली, आणि १९९४ च्या नियमांनी त्या प्रकाराला बंदीच घातली!

शर्यतीचा विषय निघालाच आहे, तर स्पोर्ट्स कारकडे वळू. कारण माझ्या वहीतली खरी उलथापालथ इथे झाली.

पूर्वी समज असा होता की वेगवान गाडी म्हणजे हाताच्या गिअरची गाडी. आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. १९९८ मध्ये सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी निघाली. ती गोव्यात बनत असे आणि तिला पाच गिअरची साधी पेटी होती. पण मोठ्या जगात वारे आधीच फिरले होते. १९८९ च्या ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेलने फेरारी पहिली आणली. त्या गाडीत गिअरची दांडी नव्हती. स्टिअरिंगमागे दोन पाती होती, बोटाने ओढले की गिअर बदले. तिथून शर्यतीतली दांडी हळूहळू गेलीच. आज फेरारी आणि लॅम्बोर्गिनी यांच्या नव्या गाड्यांत क्लचचे पेडल सापडत नाही. कारण सरळ आहे. यंत्र माणसापेक्षा वेगाने गिअर बदलते. पोर्शने २०२१ मध्ये आणलेल्या ९११ जी.टी.३ चे कंपनीचे आकडेच पाहा. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर गाठायला ऑटोमॅटिकला ३.४ सेकंद आणि मॅन्युअलला ३.९. म्हणजे पैजेचा निकाल लागला. हात हरला, यंत्र जिंकले.

मग प्रश्न असा, की हरलेला हात अजून विकला का जातो? याच पोर्शने २०१३ मध्ये जी.टी.३ फक्त ऑटोमॅटिक पेटीत आणली. गाडी आधीच्यापेक्षा वेगवान होती, तरी शौकीन नाराज झाले. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर नावाची फक्त मॅन्युअल गाडी काढली, अवघ्या ९९१ नगांपुरती. आणि २०१७ मध्ये जी.टी.३ मध्येही मॅन्युअल परत आली. आमच्या चाकणलाही हाच खेळ झाला. २०२२ मध्ये व्हर्टुस जी.टी. बाजारात आली ती फक्त ऑटोमॅटिक. २०२३ मध्ये तिला सहा गिअरची मॅन्युअल पेटी मिळाली. जी वस्तू हळू आहे, जिच्यात कष्ट जास्त आहेत, ती गिऱ्हाईक मागून घेते! आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातला 'विवेकी ग्राहक' हे बघून चक्कर येऊन पडेल.

दोन दिवस मी यावर विचार केला, आणि मग मला वाटले की चूक ग्राहकाची नाही, आपण रक्कम कोणत्या बाजूला लिहितो त्याची आहे. व्यापारात श्रम नावे पडतात. घागर माळ्यावरून उतरवायची मजुरी हा खर्च. तो जितका कमी तितके बरे. पण खेळात श्रम जमेला धरतात. कबड्डीत धावायचे कष्ट वाचवले तर उरेल काय? 'स्पोर्ट्स कार' या नावातच खेळ आहे. ज्याला खेळायचे आहे त्याच्या दृष्टीने क्लच दाबणे, गिअर पाडणे, वळणाआधी नेमका खालचा गिअर साधणे, हा त्या गाडीचा खर्च नाही, तोच तिचा माल आहे. तो माल काढून घेऊन अर्धा सेकंद हातात ठेवला, तर त्याला सौदा फसल्यासारखे वाटणारच. दादाचे म्हणणे मला या हिशेबाने अगदी पटले.

पण हिशेब एकाच माणसाच्या नावाने नव्हता. अप्पांच्या खात्यावर तोच क्लच पूर्ण नावे होता. इतका नावे, की सगळे भांडवलच त्यात बुडाले होते. एकच पेडल, एकाच घरात, एका वहीत जमा आणि दुसरीत नावे! कोणती पेटी चांगली, या प्रश्नाला मग उत्तर उरत नाही. 'कुणासाठी' हा शब्द जोडला की मगच प्रश्नाला तोंड फुटते.

एका रविवारी दादाने अप्पांना गोकुळ रोडवरच्या शोरूममध्ये नेले. "नुसती बघायला चला" म्हणाला. तिथल्या मुलाने ऑटोमॅटिक बाहेर काढली. दादाने किल्ली अप्पांच्या हातात ठेवली. अप्पा काही बोलले नाहीत. आरशातून मागे बघितले, सीट पुढे घेतली, आणि इतक्या दिवसांनी त्यांचे हात स्टिअरिंगवर पाहून मी मागच्या सीटवर उगीचच खिडकीबाहेर बघू लागलो.

गाडी निघाली. पुढे एक गाय आडवी आली. अप्पांनी वेग कमी केला, आणि तीस वर्षांच्या सवयीने त्यांचा डावा पाय आपसूक क्लच दाबायला उचलला गेला. तिथे क्लच नव्हता, ब्रेकचे रुंद पेडल होते! गाडी जागच्या जागी अशी थांबली की आम्ही तिघे गायीला साष्टांग नमस्कार घालायचेच बाकी राहिलो. शोरूमचा मुलगा हसून म्हणाला, "सगळ्यांचंच असं होतं. डावा पाय मागं सरकवून ठेवा." त्याने सांगितल्याप्रमाणे अप्पांनी डावा पाय सीटकडे ओढून घेतला.

मला तेव्हा एक गोष्ट सुचली. ज्याला आपण मॅन्युअल म्हणतो तेही पुरते मॅन्युअल नसते. अप्पा गिअर विचार करून टाकत नव्हते. त्यांच्या पायात एक ऑटोमॅटिक पेटी केव्हाच तयार झाली होती. आम्हा दुर्गदबैलच्या मराठी पोरांना हे चांगले कळेल. मी मराठी शाळेत शिकलो. लहानपणी गल्ल्यावर बसलो आणि कन्नड गिऱ्हाईक आले की मनातल्या मनात क्लच दाबावा लागे. मराठी वाक्य थांबवायचे, कन्नड शब्द शोधायचा, मग हळूच सोडायचे. कितीदा मध्येच गाडी बंद पडे, आणि गिऱ्हाईक हसे. आता एकाच श्वासात अप्पांशी मराठी आणि गिऱ्हाइकाशी कन्नड बोलतो, गिअर केव्हा बदलला ते कळतही नाही. सवय ही माणसाने स्वतःच्या अंगात बनवलेली ऑटोमॅटिक पेटीच आहे. फरक इतकाच, की ती बनवायला घाम लागतो, आणि म्हणून ती आपली वाटते. दादाला जे गमवायचे नव्हते ते हेच. आणि अप्पांकडून जे गेले होते तेही हेच.

विमानतळाच्या बाजूला जाऊन अप्पांनी गाडी वळवली आणि परत आणली. पंधरा मिनिटे झाली असतील. उतरताना गुडघ्याला हात लावला नाही. शोरूमच्या मुलाला एवढेच म्हणाले, "चलो अद री." उत्तर कर्नाटकात या दोन-तीन शब्दांच्या वर स्तुती करायची पद्धत नाही.

रात्री जेवताना मात्र त्यांनी फर्मान काढले. "गिअरचीच घे."

दादा म्हणाला, "का? आज आवडली की तुम्हाला."

"आवडायला काय, बासुंदीपण आवडते. पैसे तुझे, हौस तुझी. माझ्या पायासाठी तुझा हात बांधू नको."

आईने ताटात भाकरी वाढली. कुणी काही बोलेना. मी वही आणायला उठणार होतो, पण दादाने डोळ्यांनीच बस म्हटले. मग अगदी बाजारभाव सांगावा तसा तो म्हणाला, "तुमच्या पायाचा काय संबंध, अप्पा? मी रोज धारवाडच्या रस्त्याला जातो. सिग्नलला सिग्नल लागून आहेत. क्लच दाबून दाबून माझाच पाय दुखेल. शिवाय स्टिअरिंगमागं पाती आहेत, गिअर टाकायची हौस आली तर बोटानं टाकीन."

दादाचा पाय कधी दुखत नाही. शाळेत असताना तो नृपतुंग टेकडी धावत चढून उतरत असे. हे अप्पांना माहीत आहे, आईला माहीत आहे. पण आमच्या घरात असल्या गोष्टींवर उलट प्रश्न विचारत नाहीत. अप्पांनी ताकाची वाटी तोंडाला लावली आणि ती बराच वेळ खाली ठेवली नाही.

गाडी आली. ऑटोमॅटिक. दुर्गदबैलात तिला आणायचा प्रश्नच नव्हता. पेढेच तेवढे इथे वाटले. आठवड्याचे सहा दिवस दादा तिच्यातून कामाला जातो आणि रविवारी ती अप्पांची असते. ते शिरसीला जाऊन आले, सौंदत्तीला जाऊन आले. पहिले काही दिवस डावा पाय बांधून ठेवल्यासारखा मागे धरत. आता तो आपोआप मागे राहतो. म्हणजे पासष्टाव्या वर्षी पायाने नवी सवय शिकली! माझ्या खोलीच्या दारात ते अजून येतात, पण आता म्हणतात, "मी जाऊन येतो रे." एवढेच. 'तुला वेळ आहे का' हा प्रश्न घरातून गेला. माझ्या वहीत लाखाच्या वरची जी रक्कम मी ऑटोमॅटिकच्या नावे टाकली होती, तिच्यासमोर मी हे एक वाक्य लिहून ठेवले आहे. दोन्ही बाजू जुळतात की नाही ते परीक्षकांनी ठरवावे.

आणि दादाची हौस? तिचीही सोय झाली. रविवारी स्पोर्ट्स कार घेऊन पासष्ट वर्षांचे अप्पा ताशी पन्नासच्या वेगाने देवदर्शनाला जातात, आणि तिशीतला दादा दुकानाची जुनी ओम्नी घेऊन कलघटगीच्या रस्त्याला लागतो. चार गिअर, लांब दांडी, 'खट्' असा आवाज! वेग फारसा नाही, पण काम सगळे हाताचे. खेळ म्हणजे हेच ना? ज्याच्या गाडीला दीडशे अश्वशक्ती त्याला ओम्नीत मजा येते, हे बघून गल्लीतले लोक त्याला वेडा म्हणतात. मला वाटते, अख्ख्या हुबळीत आपल्याला नेमके काय हवे आहे ते कळलेला तो एकच गिऱ्हाईक आहे.

पुढे काय होईल ते दिसतेच आहे. पुण्यात बनणारी नवी चेतक २०२० पासून विजेवर चालते. तिला क्लचही नाही नि गिअरही नाही. विजेच्या मोटारींतही बहुतेक एकच गिअर असतो. बदलायचे काही उरतच नाही. पण माणूस मोठा चमत्कारिक आहे. ह्युंदाईने २०२३ मध्ये आयोनिक ५ एन ही वेगवान विजेची गाडी काढली आणि तिच्यात मुद्दाम खोटे गिअर बसवले. पाती ओढली की गाडी गिअर पडल्यासारखा हलकासा हिसका देते आणि स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येतो! जे काम आपण यंत्राला देऊन टाकले, त्याची आठवण यंत्राकडूनच विकत घ्यायची. याला नफा म्हणावे की तोटा, हे सांगायला माझे बी. कॉम. पुरे पडत नाही.

मला एवढेच वाटते, की यंत्राला कोणते काम द्यायचे आणि कोणते हाती ठेवायचे याचा एकच नियम सगळ्या घरांना लागू करू नये. ज्याचे काम करताना अंग दुखते, त्याचे काम यंत्राने खुशाल घ्यावे, आणि त्याला आळशी म्हणू नये. ज्याला ते काम करताना आनंद होतो, त्याच्या हातून ते काढून घेऊ नये, आणि त्याला मागासलेलाही म्हणू नये. माझे स्वतःचे विचाराल तर, गाडी घेण्याइतके पैसे माझ्याकडे येतील तेव्हा क्लचवाल्या गाड्या निघत असल्या, तर मी मॅन्युअलच घेईन. तोवर मला दर रविवारी सकाळी दादाआधी उठून ओम्नीची किल्ली लपवावी लागते.